पेन पुढे, आवाज मागे

वर्गसमीकरणांवरचा माझा पहिला व्हिडिओ चित्रित करायला एक दुपार पुरली, पण तो विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगा व्हायला अकरा दिवस लागले आणि त्यांतले नऊ एकाच दोषापायी गेले. मोबाइल स्टँडला उलटा अडकवून कागदावरचे लेखन टिपणे, ओबीएस या पडदा रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्लाइड रेकॉर्ड करणे ही कामे सहज झाली. मोबाइलच्या माइकवर खोली फार घुमत असल्यामुळे आवाज मात्र मी कॉलर माइक लावून लॅपटॉपवर ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा घेतला होता.

दोन्ही फायली जोडल्या तेव्हा सुरुवात चोख जुळली. बाराव्या मिनिटापर्यंत मात्र पेन दोन्ही उत्तरे लिहून त्यांना चौकट करून मोकळे झालेले असे आणि माझा आवाज अजून वर्गमूळच काढत असे. आवाज पुढे सरकवला की शेवट जुळे, सुरुवात बिघडे. प्रथम मी सॅम्पल रेटवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात त्या दरावर, संशय घेतला. तो दोन्हीकडे ४८,००० हर्ट्झच निघाला. (त्यात घोळ असता तर माझा आवाजच चिरका किंवा जाडा झाला असता, हे सुचायला मला दोन दिवस लागले.) मग संपादनाचे सॉफ्टवेअर बदलले, सगळा धडा पुन्हा दोनदा चित्रित केला आणि एका जाणकाराने तर नवा मोबाइलच घ्यायला सांगितले.

शेवटी फाइलचा तपशील दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडली, तेव्हा फ्रेम रेटपुढे (सेकंदाला किती चित्रे म्हणजे फ्रेम घेतल्या जातात त्या दरापुढे) ‘व्हेरिएबल’, म्हणजे बदलता, असा शब्द दिसला. उजेड कमी पडला की अनेक मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेण्याऐवजी कमी फ्रेम घेतात, आणि संपादनाचे सॉफ्टवेअर दर स्थिर आहे असे गृहीत धरून चालले, तर चित्र आणि आवाज यांतले अंतर मिनिटागणिक वाढत जाते. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ (स्थिर दर) निवडून फाइल बदलून घेतली आणि नऊ दिवसांचे दुखणे वीस मिनिटांत संपले. आनंदापेक्षा संतापच अधिक झाला. त्यामुळे चित्रीकरणाआधी कागदावर भरपूर उजेड घ्यावा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये सोय असल्यास फ्रेम रेट स्थिर ठेवावा.

दोन उपकरणांच्या आतली घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत, म्हणून धड्याच्या आरंभी आणि शेवटीही कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवावी. शेवटच्या टाळीवरून उरलेला फरक लगेच कळतो. आधी सांगायचे राहिले ते असे, की ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइल-स्वरूपात ठेवावे, कारण मध्येच संगणक बंद पडला तर साधी एमपी४ फाइल बहुधा उघडतच नाही.

एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील सुमारे ६९ लाख प्रेक्षण-सत्रांच्या २०१४ सालच्या अभ्यासात सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ सर्वाधिक टिकून पाहिले जातात असे आढळले होते. ते वाचून मी बावीस मिनिटांच्या धड्याचे चार भाग केले. हे आधीच केले असते, तर प्रत्येक भागात आवाज इतका मागे पडायला वेळच मिळाला नसता आणि मूळ दोष कदाचित माझ्या लक्षातही आला नसता.