कोयनेचं अवजल आणि एक तांब्या पाणी

मे महिन्यात गुहागरला गेलो होतो. समुद्र, आमरस, दुपारची झोप, दोन दिवस छान गेले आणि त्याबद्दल लिहावं असं काही नाही. लिहायचंय ते वाटेवरच्या एका दुपारबद्दल.

काका बरोबर होते, म्हणून कराडहून कुंभार्ली घाटाचा रस्ता धरला. त्यांची सगळी नोकरी कोयना प्रकल्पाच्या कोळकेवाडी वीजगृहात फिटर म्हणून गेली. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. "अलोऱ्याची कॉलनी एकदा बघून येऊ," एवढंच म्हणाले होते. कोयनानगरला बागेत इतकी गर्दी होती की दहा मिनिटांत निघालो. धरण लांबूनच पाहिलं.

घाट सुरू झाला आणि काका बोलायला लागले. कोयना महाबळेश्वरहून दक्षिणेला येते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे हे पाणी खरं तर बंगालच्या उपसागराकडे जाणारं. धरण बांधून ते अडवलं, सह्याद्रीत बोगदे खणले आणि पाणी पश्चिमेला कोकणात उतरवलं. साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून ते पोफळीच्या यंत्रांवर पडतं. पहिल्या दोन टप्प्यांचं वीजगृह डोंगराच्या पोटात आहे, चौथ्याचंही. चौथ्यासाठी 1999 साली भरल्या तलावाच्या तळाला खालून भोक पाडलं, तेव्हा काका नोकरीत होते. हे सगळं पाणी कोळकेवाडीच्या धरणात जमतं आणि तिथून तिसऱ्या टप्प्याच्या यंत्रांवर पुन्हा पडतं. धरणाच्या पायथ्याचं छोटं वीजगृह धरून सगळे मिळून 1960 मेगावॅट.

"कोळशाचं स्टेशन तापायला तास न् तास लागतात," काका म्हणाले. "आमचं मशीन काही मिनिटांत लोड घेतं. संध्याकाळी सगळ्या महाराष्ट्राने एकदम दिवे लावले की कळव्याच्या भार नियंत्रण केंद्रातून निरोप यायचा, आणि आम्ही पाणी सोडायचो."

त्यांच्या आवाजातला अभिमान मला पटतो. कोयना नसती तर या राज्यातले कारखाने आणि गावोगावचे दिवे इतक्या लवकर आले नसते. धरणात ज्यांची गावं गेली त्यांच्यातल्या कित्येकांच्या पुनर्वसनाचे कागद अजून फिरतायत, हेही तितकंच खरं. पण त्या दुपारी मला भेटलं ते वेगळंच.

कॉलनीबद्दल फार लिहीत नाही. काका आपल्या क्वार्टरसमोर उभे राहिले. दाराची चौकटसुद्धा उरली नव्हती. मागच्या बाजूचं त्यांनी लावलेलं आंब्याचं झाड मात्र कैऱ्यांनी वाकलं होतं. त्यांनी दोन कैऱ्या खिशात टाकल्या आणि म्हणाले, "चल, वर जाऊन येऊ."

वर म्हणजे डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत. त्यांच्या हाताखाली काम केलेला एक मदतनीस तिथे राहतो. वाडीच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेने हंडे, कळशा आणि निळी पिंपं ओळीने मांडलेली होती. प्रत्येकावर रंगाने खूण. सावलीला बायका बसल्या होत्या. त्यातली एक उठून आली. "दादा, गाडी जरा फुडं घ्या. टँकर येयाचा हाय."

टँकर तिसऱ्या दिवशी येतो. सकाळपासून त्या बसल्या होत्या.

मदतनीस घरी नव्हता. त्याची बायको होती, साठीची असेल. काकांना पाहिलं तशी पदराला हात पुसत बाहेर आली, "साहेब, किती वर्सांनी!" म्हणाली. आम्ही ओटीवर टेकलो न टेकलो तोच तिने गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी आणून ठेवलं. पाहुणा उंबऱ्यात आला की आधी गूळपाणी, ही कोकणातली रीत मला लहानपणापासून माहीत आहे. त्या दिवशी तो तांब्या हातात घेताना अवघड झालं. माझ्या गाडीत विकतच्या पाण्याच्या चार बाटल्या होत्या. नको म्हणालो असतो तर तिचा अपमान झाला असता. थोडं प्यालो. पेल्यात उरलेलं तिने कोंबड्यांच्या वाटीत ओतलं, शेवटचा थेंब झटकून.

आणि तिच्या अंगणातून खाली कोळकेवाडीचं पाणी दिसत होतं. भरलेलं, उन्हात चमकणारं.

मी विचारलंच. वाडीला नळ नाही का?

"नळयोजना हाय की. ती काय टाकी. पन पंपाचं बिल थकलं नि लाईट तोडली. दोन वर्सं झाली."

काका खाली बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "किती थकलंय?" तिला आकडा ठाऊक नव्हता. ज्या माणसाने तीस वर्षं त्या पाण्यातून वीज काढली, तो विजेअभावी कोरड्या टाकीसमोर बसला होता.

यंत्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याला इकडे अवजल म्हणतात. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने कोयनेला दर वर्षी 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेला वळवायची परवानगी दिली आहे. एक टीएमसी म्हणजे दहा हजार लिटरचे अठ्ठावीस लाख टँकर. याच अवजलामुळे वाशिष्ठी नदी उन्हाळ्यातही वाहते, लोट्याच्या कारखान्यांना पाणी मिळतं. उरलेलं, म्हणजे बहुतेक सगळं, समुद्राला जातं. ते मुंबईला न्यायच्या योजनेच्या बातम्या अधूनमधून येतात. या वाडीपर्यंत दोनशे-तीनशे मीटर वर चढवायची बातमी मी तरी वाचलेली नाही.

लोक म्हणतात, कोकणात एवढा पाऊस पडतो, मग टंचाई कशी? तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण उतार तीव्र, जांभा दगड सच्छिद्र, पाणी थांबत नाही. मार्चपासून विहिरींचा तळ दिसतो. वरच्या वाड्यांना पाणी उचलूनच द्यावं लागतं आणि उचलायला वीज लागते. ज्या खोऱ्यात 1960 मेगावॅट तयार होते, तिथल्या चार वाड्यांच्या पंपांचं बिल प्रकल्पाच्या खर्चातच धरायला हवं होतं. अगदी पहिल्या दिवसापासून. ही उपकाराची गोष्ट नाही, प्रकल्पाच्या हिशोबातली आहे. मला याचा राग आला, अजून आहे. घरी आल्यावर पंख्याचं बटण दाबताना तो पेला आठवतो.

निघताना गाडीतल्या बाटल्या मी तिच्या ओटीवर ठेवल्या. तिने दोन परत दिल्या. "तुमाला लांब जायाचं हाय." काकांनी खिशातल्या कैऱ्या काढून तिच्या हातात दिल्या.

खाली उतरेपर्यंत दिवस कलला होता. अवजलाच्या कालव्याजवळ काकांनी गाडी थांबवायला सांगितली. पाणी खाली गेलेलं होतं, काठाच्या दगडांवर ओलीची रेघ स्पष्ट दिसत होती. काका घड्याळाकडे बघत उभे राहिले. सात वाजून गेले. मग पाण्याचा आवाज बदलला. आधी नुसती गाज, मग पाणी दगडादगडाने चढायला लागलं आणि बघता बघता ती ओली रेघ बुडाली.

"लोड आला," काका म्हणाले.

मी वर वाडीकडे पाहिलं. घरांत दिवे लागले होते. टँकर आला होता का, ते खालून कळत नव्हतं.