माळ्यावर अडकलेला लेखक

१९ मार्च, रात्री उशिरा

आजची तारीख लिहिताना आंद्राश शुतो आठवला. रोमानियातला हंगेरियन लेखक, नाटककार. १९ मार्च १९९० रोजी तर्गु मुरेश शहरात त्याचा एक डोळा गेला. हुकूमशहा चाउशेस्कूला गोळ्या घातल्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. मला पचत नाही ते हेच. शुतो एकेकाळी पक्षाचा माणूस, पुढे ऐंशीच्या दशकात त्याच राजवटीच्या डोळ्यांत खुपू लागलेला. त्याची नाटकं अडवली गेली, पण माणूस धडधाकट राहिला. मार खाल्ला तो हुकूमशहा गेल्यावर.

त्याआधीचा डिसेंबर किती वेगळा होता! तिमिशोआरा शहरात लास्लो तोकेश या हंगेरियन पाद्र्याला चर्चच्या घरातून हुसकून लावायचा हुकूम निघाला होता. (हुकमामागे त्याचा स्वतःचा बिशप होता, आणि तोही हंगेरियनच. हे सोयीस्करपणे विसरलं जातं.) १५ डिसेंबर १९८९ ला त्याच्या दारासमोर आधी त्याच्या चर्चचे हंगेरियन लोक जमले, मग शेजारपाजारचे रोमानियन येऊन उभे राहिले. तोकेशला पोलिसांनी उचलून मेन्यो नावाच्या खेड्यात नेलं, पण रस्त्यावरची गर्दी हटली नाही आणि आठवडाभरात राजवट कोसळली. २५ डिसेंबरला रोमानियातल्या हंगेरियनांची खुली राजकीय संघटनाही उभी राहिली.

आणि मग मार्च. तर्गु मुरेशमध्ये हंगेरियन माध्यमाची शाळा वेगळी हवी की नको यावरून वाद पेटलेला. १५ मार्चला हंगेरियनांनी आपला राष्ट्रीय दिवस उघडपणे साजरा केला, दुसऱ्या दिवशी एका औषधाच्या दुकानावरच्या हंगेरियन पाटीवरून दंगा झाला. १९ तारखेला आसपासच्या डोंगरी गावांतून रोमानियन माणसं बसमधून शहरात आली आणि त्यांनी हंगेरियन संघटनेच्या कार्यालयाला वेढा घातला. आतले लोक माळ्यावर चढून बसले, त्यांत शुतो. खाली या, सुखरूप बाहेर काढतो, असा शब्द लष्कराच्या अधिकाऱ्याने दिला. शुतो खाली उतरला आणि जमावाच्या हाती सापडला.

मी पुन्हा पुन्हा त्या दिलेल्या शब्दापाशी अडखळते. सेक्युरिताते, म्हणजे जुन्या राजवटीची गुप्त पोलीस यंत्रणा, दारात उभी असते तेव्हा माणसाला निदान कळतं की आपण कुणाच्या तावडीत आहोत. इथे गणवेशातला माणूस ‘या’ म्हणतो आणि तुम्ही जाता, कारण आता राज्य आपलं आहे असं तुम्हाला वाटलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी चौकात दोन्हीकडचे लोक भिडले, माणसं मेली. त्या दिवशीचं एक दृश्य जगभर दाखवलं गेलं: जमिनीवर पडलेला माणूस आणि त्याला तुडवणारे लोक. बऱ्याच परदेशी वाहिन्यांनी सांगितलं, हंगेरियन माणसाला रोमानियन मारताहेत. प्रत्यक्षात पडलेला होता मिहाइला कोफारियू, रोमानियन खेडूत, आणि मारणारे होते हंगेरियन. त्यातल्या एकाला दहा वर्षांची शिक्षा झाली, १९९६ मध्ये माफी मिळाली. पण माळ्यावरून उतरलेल्या लेखकाचा डोळा फोडणाऱ्यांचं काय? खटल्यांत अडकले ते मुख्यतः हंगेरियन आणि त्यांच्या मदतीला धावलेले रोमा.

आणखी एक तारीख: २६ मार्च १९९०. डिसेंबरअखेर बरखास्त झालेल्या सेक्युरितातेच्या जागी नवी गुप्तचर संस्था त्या दिवशी स्थापन झाली. दंगलीला आठवडाही उलटला नव्हता. दंगल घडवून आणली, असं तिथले पुष्कळ लोक म्हणतात. तसं म्हणायला मी धजणार नाही, पण तिचा फायदा कुणाला झाला ते दिसतंच.

पुढची वर्षं मात्र कंटाळवाणी, आणि ते चांगलंच. हंगेरियन पक्ष १९९६ मध्ये सरकारात गेला. २००१ च्या कायद्याने जिथे अल्पसंख्य २० टक्क्यांवर आहेत तिथे पाट्या आणि कचेऱ्यांचा कारभार त्यांच्या भाषेतही सुरू झाला. क्लूज शहर तेवढं तेव्हा या रेषेच्या किंचित खाली होतं, हंगेरियन सुमारे १९ टक्के. तिथला महापौर फुनार आधीच रस्त्यावरची बाकडी राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांत रंगवून बसला होता. शहराच्या वेशीवर हंगेरियन नाव लागायला २०१७ उजाडलं. बेळगावच्या पाट्यांचा वाद ऐकत वाढलेल्या माणसाला हे टक्क्यांचं गणित समजावून सांगावं लागत नाही.

तोकेशचं पुढे काय झालं? बिशप झाला, युरोपीय संसदेत गेला, २००९ मध्ये रोमानियाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. मग २०१३ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियाला (रोमानियातल्या ज्या भागात हे हंगेरियन राहतात त्याला) हंगेरीने संरक्षण द्यावं असं तो जाहीरपणे बोलला आणि २०१६ मध्ये तो सन्मान काढून घेतला गेला. त्याचं हे बोलणं मला बिलकूल पटत नाही. हंगेरीचा तेव्हाचा पंतप्रधान ऑर्बान याच्या शेजारी उभं राहून तर नाहीच. पण सन्मान होता १९८९ च्या डिसेंबरातल्या धैर्यासाठी, आणि २०१३ मध्ये तो काय बोलला यावर ते धैर्य मागे जाऊन कमी कसं होतं, हे बुखारेस्टने मला समजावून सांगावं.