सोळा बंदुका आणि खोडलेली ओळ

दादर पश्चिमेला खेळण्यांच्या एका दुकानात मी 17 वर्षं काउंटरला उभी आहे. लोकांना वाटतं बंदुका दिवाळीत खपतात. दिवाळीत खपते ती टिकल्यांची, चार दिवसांची हौस. बंदुकांचा खरा हंगाम म्हणजे परीक्षा संपल्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत. जी मुलं गावाला जात नाहीत त्यांचे आईबाप मे उजाडेपर्यंत टेकीला आलेले असतात. "हा मोबाइल सोडून खाली उतरेल असं काहीतरी द्या," म्हणत ते दुकानात शिरतात.

मागच्या मे महिन्यात असेच एक काका आले. बँकेतून निवृत्त, परळला जुन्या चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये राहणारे. सोसायटीतली 16 मुलं, वय सात ते तेरा. घराघरांतून वर्गणी काढून 6,000 रुपये जमवलेले. खेळायची जागा पोडियम. खाली पाच मजले पार्किंग आणि त्याच्या डोक्यावर मोकळी फरशी, असं हल्लीच्या टॉवरांत असतं तसं. "आमच्या वेळी चाळीचं अंगण होतं," काका म्हणाले, "आता हेच अंगण. पोरांना दोन पार्ट्या करून नेमबाजी खेळू दे." मला माणूस फार आवडला. स्वतःची नातवंडं परदेशात असताना इमारतीतल्या मुलांसाठी भर उन्हात दादरला येणारी माणसं कमी असतात.

काय द्यायचं याचा विचार मी मनापासून केला, म्हणून तो इथे सगळा सांगते.

पिचकारी सगळ्यात सोपी. मोठ्या टाकीची, पंप मारून दाब भरायची. उन्हाळ्यात तिच्यासारखा खेळ नाही. या दाबाच्या पिचकारीची कल्पना लॉनी जॉन्सन या अमेरिकन अभियंत्याला 1982 साली सुचली. ते नासासाठीही काम करत. घरी ते पाण्यावर चालणाऱ्या हीट पंपाचा प्रयोग करत होते, तेव्हा न्हाणीघरात नळीतून पाण्याची सणसणीत धार सुटली. गिऱ्हाइकांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते. पण काकांनी हात जोडले. पोडियमला आधीच गळती, त्यात मे महिन्यात पाण्याची बोंब, सेक्रेटरी जिवंत ठेवणार नाही.

मग लेझर टॅग, म्हणजे समोरच्याच्या छातीवर बांधलेल्या सेन्सरवर किरण मारायचा खेळ. नाव लेझर असलं तरी या खेळण्यांत टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेड किरण असतो. घरात झकास चालतं. पण उन्हातही इन्फ्रारेड असतोच, त्यामुळे छातीवरचा सेन्सर गोंधळतो आणि पल्ला बराच घटतो. बाहेर खेळायला म्हणून ते विकणाऱ्यांचा मला राग येतो. दोन दिवसांनी पोरगा "लागत नाही" म्हणून रडत येतो आणि आई आमच्यावर चिडते. शिवाय 16 जणांच्या सेलचा खर्च.

जेल बॉलची गन, पाण्यात भिजवलेले मणी मारणारी, मी दाखवतसुद्धा नाही. ते मणी पाण्यात भिजून फुगतात तसे पोटातही फुगतात. लहान भावंडानं एक गिळला तर आतडं अडू शकतं. आणि छर्ऱ्याची गन, सहा मिलिमीटरच्या पिवळ्या गोळ्यांची, ती आमच्याकडे नाहीच. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआयचं चिन्ह सक्तीचं झालं, पण त्याच्याही आधी मी शेठशी भांडून तो माल बंद करवला होता. आमच्यापासून शंभर पावलांवर हातगाडीवर ती अजून मिळते, तेही खरं.

उरली सॉफ्ट बुलेट गन. फोमची गोळी, पुढे मऊ रबरी टोक, वजन जेमतेम एक ग्रॅम. बॅटरी नाही, हातानं दट्ट्या ओढायचा. मी एक पीस 320 रुपयांना लावला. हिशेब चिठ्ठीवर लिहिला: 16 बंदुका, 5,120. जादा गोळ्यांची चार पाकिटं, 600. आणि गॉगल, प्लॅस्टिकचे, कडेनं बंद असलेले, 90 रुपयांचा एक, 16 नग, 1,440. एकूण 7,160.

काकांनी चिठ्ठी लांब धरून वाचली. "सहा हजारांच्या वर एक पैसा नाही हो, ताई. गॉगल राहू दे. फोमचीच तर गोळी आहे. तुम्हीच आत्ता तळहातावर मारून दाखवलीत."

दाखवली होती मी. गिऱ्हाइकाची भीती घालवायला सगळेच सेल्समन दाखवतात. तळहाताला काही होत नाही.

मी पेननं ती ओळ खोडली. 5,720 झाले.

त्यानंतरचं काम मी किती नीट केलं ते आठवलं की मला जास्त त्रास होतो. सोळाच्या सोळा पीस उघडून तपासले. प्रत्येक गोळीचं टोक चिमटीत धरून पिळायचं. डिंक कच्चा असेल तर टोक हातात येतं, आणि आपल्या हातात येणारं टोक उद्या मुलाच्या तोंडात जाऊ शकतं. तीन गोळ्या मी बाद केल्या. दट्ट्या अर्धवट ओढला तर खटका धरत नाही ना, ते पाहायचं. मग दुकानाच्या मागच्या भिंतीला पुठ्ठा लावून प्रत्येक गनचे तीन-तीन बार. काउंटरपासून ती भिंत साडेसात मीटर. एसी लावलेला, दार बंद. गोळ्या सरळ जाऊन पुठ्ठ्यावर आपटत होत्या. दोन पीस डावीकडे ओढत होते, ते मी बदलून दिले. "आठ-दहा पावलं लांबून खेळवा," असं काकांना बजावलं. एक पांढरी वही आणून वर लिहूनही दिलं: तोंडावर नेम धरायचा नाही. कारण डब्यावर हीच सूचना इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत आणि बारकोडच्या खाली असते. ती कोणी वाचावी अशी छापणाऱ्याचीच इच्छा नसावी, असं माझं कित्येक वर्षांचं मत आहे.

शनिवारी रात्री काकांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. नऊ वर्षांच्या एका मुलीच्या डोळ्यात गोळी लागली होती. आधी नुसतंच दुखलं, मग तिला धुरकट दिसायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळाच्या पुढच्या पोकळीत रक्त उतरलंय. पडून राहायचं, झोपतानाही डोकं उंच ठेवायचं, थेंब घालायचे, पळापळ बंद. पहिल्या पाच दिवसांत पुन्हा रक्त येण्याचा धोका असतो, म्हणून रोज तपासणी.

त्या रात्री मी शोधून वाचलं. 2017 साली लंडनच्या मूरफील्ड्स या डोळ्यांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी फोमच्या गोळीनं डोळ्यात रक्त उतरलेल्या तीन रुग्णांबद्दल वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं आहे, आणि खेळताना डोळ्यांना संरक्षण हवं असंही म्हटलं आहे. म्हणजे हे नवीन नव्हतं. वाचणाऱ्याला माहीत होतं. 17 वर्षं हेच विकणाऱ्या मला पक्कं माहीत नव्हतं. गॉगल मी चिठ्ठीत लिहिले होते ते नियम म्हणून, हेल्मेटसारखे.

रविवारी दुकान सुटल्यावर मी परळला गेले. काकांनी बोलावलं नव्हतं, पण येऊ नका असंही म्हणाले नाहीत. बंदुका वॉचमनच्या केबिनमध्ये गोणीत भरून ठेवल्या होत्या. मी एक काढली आणि आम्ही दोघं पोडियमवर गेलो. सहा वाजून गेलेले. तिथे पाऊल टाकल्याबरोबर माझी ओढणी उडाली.

मुंबईत मे महिन्यात दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, हे मला काय कुणी सांगायला हवं होतं? सहाव्या मजल्याच्या उंचीवर, दोन टॉवरांच्या फटीतून तो नुसता घुसतो. मी साडेसात मीटर मोजून खांबावर नेम धरला. गोळी हातभर बाजूला गेली. दुसरी कठड्यावरून खाली. एक ग्रॅमची वस्तू, ती वाऱ्यापुढे काय टिकणार.

आमच्या मागे सात-आठ मुलं येऊन उभी होती. त्यातला एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा मला म्हणाला, "लांबून लागतच नाही, मावशी. उडून जाते. म्हणून आम्ही जवळून खेळायला लागलो."

"किती जवळून?"

त्यानं दोन पावलं मागे जाऊन दाखवलं. तेवढंच.

ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. हलकी गोळी हवेत पटकन दमते, आठ पावलांवर तिचा जोर बराच कमी होतो. माझं दहा पावलांचं गणित त्याच भरवशावर होतं, आणि ते दुकानात बरोबरही होतं. बाहेर वाऱ्यानं ते अंतरच खाऊन टाकलं. मुलं वाईट नव्हती, बेशिस्त नव्हती. त्यांना खेळ लागू पडावा म्हणून जे करावं लागलं ते त्यांनी केलं. बंदूक पास झालेली, टोक पक्कं, चिन्ह खरं. बंद खोलीत तपासलेली वस्तू मी उघड्यावर खेळायला दिली होती. इतक्या वर्षांत मी एकदाही एखादी बंदूक मैदानात नेऊन चालवून पाहिली नव्हती.

सोसायटीनं सोमवारी नोटीस लावली: पोडियमवर कुठलंही खेळणं आणायला मनाई. मला हे पटत नाही. एका घरात विळीनं बोट कापलं म्हणून आख्ख्या चाळीनं भाजी चिरणं सोडायचं का? सोळा मुलं परत घरात गेली, मोबाइलकडे. त्याऐवजी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांची उतरंड रचून, वारा पाठीशी घेऊन, खडूनं रेघ मारून सगळ्यांना एकाच दिशेनं नेम धरू दिला असता तर माणसावर बंदूक रोखायची वेळच आली नसती. हल्ली बाहेर खेळायला गन मागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी जागा विचारते. गच्ची का, मैदान का, वारा कुठून येतो, किती वाजता खेळणार. लोक चक्रावतात. वारं असेल तर माणसावर मारायचा खेळ मी देत नाही, डबे पाडायचा देते.

शेठना म्हटलं, गॉगल गनच्या पाकिटातच घालून विकू या. ते म्हणाले, "आपला माल पास आहे, यात आपली काय चूक? पीसमागे 90 वाढले की गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यात." त्यांचं धंद्याचं गणितही खोटं नाही.

मुलीचं रक्त आठवड्याभरात शोषलं गेलं. नजर पूर्ववत आहे असं काका म्हणाले. पण अशा डोळ्यात पुढे कधीही दाब वाढू शकतो, त्यामुळे दर वर्षी तपासणी, बहुधा आयुष्यभर.

तिच्या वडिलांनी त्याच आठवड्यात मला फोन केला होता. मी घाबरत घेतला. ते रागावले नाहीत. डॉक्टरांना लिहून घ्यायचं होतं, गोळीचं टोक कसलं, किती टणक. मी सगळं सांगितलं. ते थांबले आणि मग म्हणाले, "तुमच्याकडे या खेळासाठी गॉगल मिळतात का?"

"मिळतात," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही, मग त्यांनी फोन ठेवला. खोडलेल्या ओळीबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. काकांनी सांगितलंय की नाही, तेही मी काकांना अजून विचारलेलं नाही.