सायकल मार्ग फसतो तो चौकात

रस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा मारला की सायकल मार्ग झाला, हा समज आधी सोडायला हवा. सायकल रुळावरून जात नाही, थोडी डुलते. म्हणून एका स्वाराला साधारण १ मीटर रुंदी लागते. एकाला दुसऱ्याच्या पुढे काढायची तर एकेरी मार्ग २ मीटरचा हवा. शेजारी गाड्या उभ्या राहत असतील तर मध्ये पाऊण ते एक मीटर पट्टी मोकळी सोडा, नाहीतर अचानक उघडलेलं दार थेट हँडलवर बसतं.

खरी परीक्षा चौकात. आणि कित्येक आराखड्यांत मार्ग नेमका तिथेच संपतो! वळणाऱ्या चालकाला बाजूने सरळ जाणारी सायकल दिसत नाही, उंच ट्रकमधून तर नाहीच. सायकलचं क्रॉसिंग मुख्य रस्त्यापासून सुमारे ५ मीटर आत, बाजूच्या रस्त्यात सरकवलं की गाडी आधी वळते, सायकल तिला समोर आडवी दिसते आणि थांबायला एका गाडीपुरती जागाही मिळते. कोपऱ्याची गोलाई लहान ठेवा, वेग आपोआप उतरतो.

गटाराच्या जाळीच्या पट्ट्या मात्र मार्गाला आडव्याच बसवा. उभ्या फटीत चाक अडकतं.