डिसेंबरात आत, मार्चात बाहेर

इंग्लंडमधल्या एका जिल्हा दप्तरखान्यात मी वाचनकक्ष सांभाळते. बहुतेक लोक पूर्वज शोधायला येतात, आणि बरेच जण निकाल घरूनच लावून येतात. गेल्या महिन्यात आलेले आजोबा त्यातलेच. पणजोबा घरं रंगवायचे, पण दारुडे. हात मनगटातून लुळा पडलेला, कप धरता यायचा नाही. त्यांच्यापायी बायकापोरं वर्कहाउसात, म्हणजे सरकारी गरीबखान्यात गेली. आजोबांना फक्त कागद हवा होता.

१८७१ आणि १८८१च्या जनगणनेच्या प्रती त्यांनी आणल्या होत्या. दोन्हीकडे कुटुंब आपल्या घरी, धंदा रंगारी. इंटरनेटवर एवढंच बघून लोक वंशवृक्ष पुरा करतात. पण त्या जनगणना झाल्या २ आणि ३ एप्रिलला, रंगकामाचा हंगाम उघडताना. या माणसाचा हिवाळा तिथे सापडणारच नव्हता.

मग वर्कहाउसची दाखल-नोंदवही काढली. नावांची सूची नाही, सगळं तारखेवार. त्यात एक रकाना असतो: आत आल्यावर पहिलं जेवण कोणतं? न्याहारी, दुपारचं की रात्रीचं, एका अक्षरात. एका जेवणाचाही हिशेब चुकू नये म्हणून. इतकी वर्षं हे काम करूनही त्या रकान्याशी बोट थांबतं.

पणजोबा सापडले. डिसेंबरात सहकुटुंब आत, मार्चात 'स्वतःच्या विनंतीवरून' बाहेर. पुढच्या वर्षी तेच. त्याच पानांवर आणखी रंगारी, गवंडी, गिलावा करणारे. थंडीत तेलरंग वाळत नाही, ओला चुना गोठला की भिंत कच्ची राहते, म्हणून कामं बंद. आमच्या कोल्हापुरात आषाढ-श्रावणात रंगारी घरी बसायचे, म्हणून मला ते पटकन दिसलं असेल. दारू वर्षभर मिळते; दारुडा मार्च बघून सुधारत नाही.

राहिला हात. तेव्हाचा पांढरा रंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेला सफेदा, शिशाचा. जुना रंग घासताना उडणारी धूळ पोटात जायची. पोटात कळा, हिरड्यांवर निळसर रेघ, आणि शेवटी मनगट लोंबतं. बोटं उचलणारे स्नायूच जातात. घरं रंगवण्याच्या कामात या रंगावर बंधनं यायला १९२६चा कायदा लागला.

आजोबांनी ऐकून घेतलं. मग मृत्यूचा दाखला पुढे सरकवला. कारण: 'पक्षाघात'. शिशाचा उल्लेख नाही.

"म्हणजे तुम्हाला सिद्ध करता येत नाही," ते म्हणाले.

नाही येत. शिवाय रंगारी पीतही असत, आणि मनगट दारूनेही लुळं पडू शकतं. पण शंभर वर्षं घरात एका माणसाला नावं ठेवली, ती सोडायला आजोबा तयार नव्हते, याचा मला राग आला. नोंदवहीच्या प्रती त्यांनी घेतल्या नाहीत.

वर्कहाउसच्या डॉक्टरांची पुस्तकं आमच्या तळघरात आहेत, अजून यादी न झालेली. यादीला पैसे नाहीत म्हणतात. नव्या बोधचिन्हाला होते. साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत बघायची परवानगी दिली आहे. १८८०च्या डिसेंबरपासून सुरुवात केली आहे.