‘प्रवेश फुल्ल’चा फलक आणि चौथीचा पट

फेब्रुवारी लागला की जळगाव, धुळे, भुसावळकडच्या खाजगी शाळांच्या फाटकावर ‘मोजक्याच जागा शिल्लक’ असे फलक झळकतात. आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) त्यावर ‘प्रवेश फुल्ल’ची पट्टी चिकटलेली असते. बरेच पालक त्या पट्टीवरूनच शाळा ठरवतात. पण गर्दी दिसते ती नर्सरीच्या खिडकीवर. शाळा कशी आहे ते चौथी-सहावीत टिकलेली मुलं सांगतात, आणि हा हिशोब घरबसल्या मांडता येतो.

आधी ‘फुल्ल’ होतं कसं ते बघा. समजा, पहिलीच्या 40 च्या दोन तुकड्या आहेत, म्हणजे 80 जागा. शाळेच्याच सीनियर केजीतून 60 मुलं वर येणार. आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागांचे, प्रवेश त्या शाळेत पहिलीपासून असतील, तर 25 टक्क्यांनी 20 जागा तिकडे गेल्या. 60 आणि 20, झाले 80. बाहेरून येणाऱ्यासाठी एकही जागा उरली नाही. मग अर्ज तीस आले काय नि तीनशे आले काय, फलक तोच. (अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना आरटीईच्या जागा लागू नाहीत, त्यांचा हिशोब वेगळा करायचा.) अशा शाळेत शिरायची खरी वाट नर्सरीच. तिथे 31 डिसेंबरपर्यंत 3 वर्षं पूर्ण लागतात, पहिलीला 6.

अर्जांच्या आकड्यानंही भुलू नका. एकच घर तीन-चार शाळांचे फॉर्म भरतं. चार शाळा प्रत्येकी दोनशे अर्ज सांगत असतील, तरी गावात तेवढी आठशे वेगळी मुलं नसतात. पहिला हप्ता भरायची तारीख उलटली की ही यादी झपाट्यानं गळते.

आता खरा आकडा. शाळेचा 11 अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, मागा. सुरुवातीचे 27 महाराष्ट्राचे. पुढचे दोन अंक नंदुरबारला 01, धुळ्याला 02, जळगावला 03. यूडायस प्लसच्या ‘नो युवर स्कूल’ पानावर तो टाकला की शाळेचा पट, शिक्षक आणि खोल्या दिसतात. एकाच वर्षाचे सगळे वर्ग शेजारी ठेवून तुलना करू नका, कारण प्रत्येक वर्षीची भरती कमीजास्त असते. एका वर्षी पहिलीत आलेली मुलं धरून त्यांच्याच मागे चला: तीन वर्षांपूर्वीची पहिली, मग दुसरी, तिसरी आणि यंदाची चौथी. जुने आकडे ऑनलाइन सापडले नाहीत तर कार्यालयात विचारा. उदाहरणार्थ 78, 75, 73, 71 असा उतार असेल तर काळजी नाही, बदल्या-स्थलांतरात एवढं जातंच. 78, 74, 69, 51 असेल तर तिसरीनंतर अठरा घरांनी एकदम शाळा का सोडली, हे थेट मुख्याध्यापकांना विचारा.

मात्र तोच उतार प्रत्येक गावात तेच सांगत नाही. भुसावळला रेल्वे आणि आयुध निर्माणीमुळे बदलीची घरं पुष्कळ, तिथे मधल्या वर्गातली ये-जा नेहमीची. यावल-रावेरला जमिनीला बांधलेली कुटुंबं जास्त. तिथे मुलं एकदम कमी झाली तर कारण बहुधा शाळेतच सापडतं. नंदुरबारकडे उलटी गफलत होते. आदिवासी विकास विभागाच्या नामांकित निवासी शाळा योजनेतून मुलं आलेली असली की पट एकदम फुगतो, पण ती फी शासन भरतं. त्या वाढीवरून पालकांची पसंती ठरवता येत नाही. अनुदानित शाळांत तर शिक्षकच मे महिन्यात गावोगाव दाखले गोळा करत फिरतात, कारण संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, पट घटला की पद जातं. त्यात वाईट काहीच नाही, पण त्या पटाची इंग्रजी शाळेच्या पटाशी तुलना करू नका.

पट घटण्याचं आणखी एक कारण म्हणजे वर्गांची मान्यता, आणि हे सगळ्यात जास्त फसवतं. नवी शाळा दरवर्षी नैसर्गिक वाढीनं एकेक वर्ग चढवते. ‘नववी पुढच्या वर्षी सुरू होईल’ असं सांगतात, परवानगी येत नाही, आणि मुलांची नावं दुसऱ्याच शाळेच्या पटावर चढतात. म्हणून मान्यतेच्या पत्रात कुठल्या वर्गापर्यंत लिहिलंय ते स्वतः वाचा. ‘सीबीएसई पॅटर्न’ हीसुद्धा तशीच पळवाट. पॅटर्न म्हणजे नुसती पुस्तकं. सीबीएसई मंडळाचा संलग्नता क्रमांक नसेल तर दहावीला त्या शाळेतून सीबीएसईचा फॉर्म भरता येत नाही. संलग्न शाळेला आपली कागदपत्रं संकेतस्थळावर जाहीर ठेवावीच लागतात. ती दिसली नाहीत तर पुढे बोलूच नका.

फीची तुलना वर्षाच्या एकूण खर्चावर करा. समजा, एका शाळेची फी 24,000. त्यात बस 1,200 प्रमाणे 10 महिन्यांचे 12,000, पुस्तकं-वह्या 5,000, गणवेशाचे दोन जोड आणि बूट 3,500. झाले 44,500. दुसरी शाळा 30,000 सांगते, पण चालत जाण्याजोगी आहे आणि पुस्तकं फीतच आहेत; तिथे गणवेश धरून 33,500. स्वस्त वाटलेली शाळा अकरा हजारांनी महाग पडली.

पावती हातात घेऊन नीट बघा. पावती क्रमांक, शाळेचं नाव, प्रत्येक बाबीसमोर वेगळी रक्कम, शिक्का. फीच्या पावतीसोबत कोऱ्या चिठ्ठीवर ‘विकास निधी’ लिहून मिळाला, तर ती देणगीच. आरटीई कायद्याच्या कलम 13 नुसार प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही, आणि घेतली तर दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत जातो. मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करणंही त्याच कलमानं बंद केलंय.

शाळा बघायला एप्रिलमध्ये, दुपारी बाराच्या सुमारास जा. वरच्या मजल्यावर पत्रे असतील तर त्या वर्गात दहा मिनिटं बसा. खानदेशच्या उन्हात पत्र्याखाली मूल काय शिकेल ते तेवढ्यात कळतं. दोघांच्या बाकावर तिघं बसलीत का, तिसऱ्याची वही मांडीवर आहे का, ते बघा. केजीच्या बाईंना अहिराणी कळते का हेही विचारा. ‘माले पानी पेनं शे’ म्हणणाऱ्या पोराला पहिल्याच आठवड्यात गप्प केलं, तर ते पुढे वर्षभर तोंड उघडत नाही.

राहिली वेळ. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे तिथे मार्चनंतर जागा क्वचितच निघते. राज्य मंडळाच्या शाळेत मात्र जूनच्या मध्याला, शाळा उघडली की पहिल्या आठ-दहा दिवसांत, न आलेल्या मुलांच्या जागा मोकळ्या होतात. प्रतीक्षा यादीत नाव असेल तर त्या आठवड्यात कार्यालयात स्वतः जा, फोनवर भागवू नका. सोबत जन्मदाखला, आधार आणि दोन फोटो ठेवा. जुन्या शाळेनं दाखला अडवून धरला तरी थांबू नका. आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांना दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.