सहा महिने म्हणजे नक्की किती?

गेल्या सप्टेंबरात मी घरी म्हटलं, "माझा करंट गेलाय," तर बायकोनं आधी मेन स्विचकडे पाहिलं.

मी न्यू जर्सीत राहतो आणि सुट्टीच्या दिवशी क्लबाचं सेस्ना १७२ उडवतो. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं काही न दिसता फक्त उपकरणांवरून उडवण्याची परवानगी, एकदा मिळालं की ते आपलंच, पण त्याच्या जोरावर ढगात शिरायचं तर सराव ताजा हवा. यालाच आम्ही 'करंट' असणं म्हणतो. एफएए या अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेचा नियम ६१.५७ (सी) सांगतो, की उड्डाणाच्या महिन्याआधीच्या ६ कॅलेंडर महिन्यांत ६ अप्रोच (उपकरणांवरून धावपट्टीकडे उतरत येणं), होल्डिंग (ठरलेल्या जागी हवेतच घिरट्या घालत थांबणं) आणि उपकरणांवरून मार्ग पकडून धरून ठेवणं, एवढं करून लॉगबुकात नोंदवलेलं असावं.

वाचायला सोपं. दिवाळीला बॉस्टनजवळ बहिणीकडे उडत जायचं ठरत होतं, म्हणून सप्टेंबरच्या मध्याला लॉगबुक काढलं. जानेवारीत ३, मार्चमध्ये ४. सात! वर एक शिल्लकच, म्हणून मी खूश.

मग बोटांवर महिने मोजले. सप्टेंबरात उडायचं तर मार्च ते ऑगस्ट बघायचं. म्हणजे जानेवारीचं सगळं ३१ जुलैलाच गळलेलं, आणि होल्डिंग मी जानेवारीतच केलं होतं. त्यातून जानेवारीच्या एका अप्रोचला फायनल अप्रोच फिक्सच्या, म्हणजे उतरण्याचा शेवटचा टप्पा जिथे सुरू होतो त्या जागेच्या, आधीच ढग संपले होते. पुढे सगळी धावपट्टी दिसत होती. असला अप्रोच धरतच नाहीत, मी मात्र थाटात लिहून ठेवला होता. नशीब, ऑगस्टभर हवा स्वच्छ होती आणि मी ढगाच्या वाटेला गेलो नव्हतो.

आता आमचा कोकणस्थी हिशेब सुरू झाला: ४ आहेत, २ अप्रोच आणि एक होल्ड मारला की झालं! पेट्रोल वाचलं. रात्री अंथरुणावर लक्षात आलं, की मार्चचे चारही ३० सप्टेंबरला जाणार. म्हणजे ही काटकसर फार तर दोन आठवडे पुरली असती. सहाच्या सहा नव्यानं करणं भाग होतं.

करंट गेल्यावर पुढचे ६ कॅलेंडर महिने आपलं आपण सावरता येतं. माझ्यासाठी ३१ जानेवारीपर्यंत. त्यानंतर इन्स्ट्रुमेंट प्रशिक्षकाकडून किंवा परीक्षकाकडून आयपीसी, म्हणजे इन्स्ट्रुमेंट उड्डाणाची फेरतपासणी, करून घेण्यावाचून गत्यंतर नाही. मान्यताप्राप्त सिम्युलेटरवरही सराव चालतो, २०१८ च्या बदलापासून तर त्यासाठी शेजारी प्रशिक्षकही लागत नाही. पण मला खरी हवा, खरे धक्के हवे होते.

क्लबातला एक मित्र सेफ्टी पायलट म्हणून आला. त्याच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही आणि या कामाला ते लागतही नाही. मी डोक्याला हूड लावून फक्त उपकरणं बघायची, बाहेर त्यानं बघायचं. गंमत अशी, की आम्हा दोघांपैकी कुणालाच ढगात जाण्याचा हक्क नसल्यामुळे, ढगात उडण्याचा हक्क परत मिळवायला निरभ्र आकाशाची वाट पाहत बसलो.

पहिल्या शनिवारी ट्रेंटनच्या विमानतळावर ६ नंबरच्या धावपट्टीचा आयएलएस, म्हणजे रेडिओ लहरींच्या आधारे करायचा अप्रोच. पहिला ठीक. दुसऱ्याला वाऱ्यानं मला ढकललं, मी उलट जास्तच वळलो आणि मार्ग दाखवणारी सुई एका कडेला जाऊन चिकटली. अप्रोच सोडून वर आलो. होल्डिंगमध्ये शिरतानाही आधी चुकीकडेच वळलो. घाम फुटला. कागदावर मी जुलैअखेरपर्यंत 'करंट' होतो, पण हात बहुधा मे महिन्यातच गंजले होते. त्या दिवशी तीन अप्रोच जमले. पुढच्या शनिवारी आणखी तीन, सगळे मिनिमम्सपर्यंत (धावपट्टी दिसली नाही तर जिथून परत वर जायचं त्या उंचीपर्यंत) हूड न काढता, आणि एक बऱ्यापैकी होल्ड.

उतरल्यावर लॉगबुक भरायला बसलो. प्रत्येक अप्रोचचं ठिकाण, प्रकार आणि सेफ्टी पायलटचं नावही लिहावं लागतं. मी एकूण ७ लिहिले. मित्र खांद्यावरून डोकावून म्हणाला, "तो सुईवालाही धरलास की काय?" मी मुकाट्यानं खोडून ६ केले.

हे आता ३१ मार्चपर्यंत चालतील. पुढच्या वर्षीचं कालनिर्णय आलं तेव्हा त्या चौकोनात लिहिलं, 'करंट जाणार'. खाली बायकोच्या अक्षरात आहे: 'मेणबत्त्या आणा'.